दांडे माझ्याकडे, कापड त्याच्याकडे

मंगळवार, १२ जुलै १९८३
आयसेल नदी, फेरीबोटीचा धक्का

स्टीन,

फेम्मी लिहितेय. अक्षरावरून ओळखलं असशीलच. कोंबडी चिखलातून नाचून गेल्यासारखं माझं अक्षर, असं तू म्हणायचीस. सहा वर्षांत ते सुधारलेलं नाही.

लुब्बर्ट तुझ्याकडे आलाय का?

एवढंच विचारायचं होतं. पण तिकीट लावायचंच आहे तर बाकीचंही लिहिते. तुला फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. इथे तुला बोलता येणार नाही.

माझा नवरा हरवलाय, स्टीन. शनिवारी आम्ही हासेल्टहून निघालो. दर उन्हाळ्यात निघतो तसेच, सायकलींवर सगळं लादून. काल सकाळी तो माझ्या मागे होता. मी बांधावरून पुढे गेले आणि धक्क्यावर थांबले. आमचा नियम तुला माहीत आहे, जो पुढे जाईल त्याने पाण्यापाशी थांबायचं. पुढे कोण जातं ते लिहायला नको. थांबले. थर्मासमधली कॉफी संपली. बोट पलीकडे गेली, आली, पुन्हा गेली. बोटवाला म्हणाला, "बाई, यायचंय की नुसती नदी मोजताय?" मी म्हटलं, मोजतेय, तुझं काम कर.

मग मागे फिरले. बांधाचे दोन्ही उतार बघितले. मेंढ्या होत्या. गावातल्या बेकरीत विचारलं, चर्चच्या बाकावर बघितलं, त्याला सावलीत बसायची खोड आहे म्हणून. कुठेच नाही. सायकल नाही, टोपी नाही, काही नाही.

आमचं भांडण झालं नव्हतं, हे आधीच लिहून ठेवते. तू लगेच तेच विचारणार. सकाळी मी एवढंच म्हटलं की तंबूची घडी अशी घालतात का, पोट आलेल्या डुकरासारखी. मग म्हटलं की आपली आजी आंधळी होती तरी तिने बरी घातली असती. मग म्हटलं की दूध पावडरच्या कारखान्यात याला पगार कोण देतं आणि कशासाठी. तो काही बोलला नाही. बोलणारं एकच माणूस असेल तर त्याला कोणी भांडण म्हणत नाही.

आणि आता बघ काय झालंय. दांडे, खुंट्या, स्टोव्ह माझ्या सायकलवर. तंबूचं कापड त्याच्या. बाबांनी आपल्या दोघींना लग्नात तंबू शिवून दिले तेव्हा खुर्चीवर उभं राहून काय सांगितलं होतं, आठवतं? "कापड एकाच्या सायकलवर, दांडे दुसऱ्याच्या. दिवसभर काय भांडायचं ते भांडा, झोपायला एका जागी यावंच लागेल." सगळं लग्न हसलं. तू सगळ्यात मोठ्याने हसलीस आणि तुझ्या यानने तुला कोपर मारलं.

काल मी एका शेतकरणीच्या गवताच्या माळ्यावर झोपले. दांड्यांची मोळी बघून ती म्हणाली, मासे धरायला आलात का. तो कुठे झोपला असेल मला ठाऊक नाही. कापड अंगावर घेऊन कुठल्यातरी झाडाखाली पडला असेल. त्याच्या छातीला दव बाधतं.

धक्क्याशेजारी कॅफे आहे, तिथला नंबर खाली लिहिलाय. तो आलाय की नाही एवढंच सांग. बाकी काही बोलू नकोस. बाबांच्या दफनानंतर कॉफी पिताना जे बोललीस ते मला पुरलंय.

फेम्मी


बुधवार, १३ जुलै
तिथेच

स्टीन,

तुझा फोन आला. पत्र दुपारी मिळालं म्हणालीस आणि लगेच फोन केलास, हे मी मान्य करते. मी धावत आले तर कॅफेवाल्याने फोन असा धरला होता जणू त्याला चावेल. तू म्हणालीस, "इथे नाही तो." मग म्हणालीस, "त्याला काही झालेलं नसणार, फेम्मी." मग गप्प बसलीस.

तू गप्प बसलीस. मी फोन ठेवल्यावरही तिथेच उभी राहिले. तू गप्प बसलेली मी यापूर्वी फक्त दात काढून आल्यावर बघितली आहे. तुलासुद्धा भीती वाटली, असा मी अर्थ घेतला. आणि मग मला खरी भीती वाटली.

पोलिसांकडे गेले. तिथे एक गोरा, जाड मुलगा होता, गालावर अजून दाढी नीट आलेली नाही. काय घातलं होतं, विचारलं. म्हटलं, तपकिरी कोट, दर उन्हाळ्यात तोच. भांडण झालं होतं का, विचारलं. म्हटलं, नाही. तो म्हणाला, "नवरे बहुतेक पाऊस लागला की परत येतात, बाई." मी खिडकीबाहेर बघितलं. ढगाचं नाव नव्हतं. मग त्याने पेन्सिल कोरत, माझ्याकडे न बघता विचारलं की ते निराश वगैरे होते का, म्हणजे नदीत बघायला लावू का.

मला उत्तर देता आलं नाही. मला, स्टीन. मी तिथल्या खुर्चीवर बसले. त्याने पाणी आणलं, ते प्यायले. लुब्बर्ट निराश आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होत आली आणि एका पोराने पेन्सिल कोरत विचारलं तेव्हा कळलं की मला माहीत नाही. तो गप्प असतो. गप्प माणूस आतून कसा असतो ते मी कधी बघायला गेले नाही, तेवढा वेळ कोणाला असतो.

उद्या नदीचा तळ शोधायला आकडे घेऊन माणसं येतील म्हणाले.

परत आले आणि शेतकरणीच्या कुरणात दांडे उभे केले. नुसते दांडे. कापड नाही, काही नाही. मधला दांडा, दोन बाजूचे, आडवा वरचा, सगळे बाबांनी रंगवलेल्या लाल पट्ट्यांसकट. दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या. बांधावरून कोणी आलं तर दिसावं म्हणून. शेतकरीण बादली घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, यावर कपडे वाळत घालणार का. मी म्हटलं, हो. मग खरंच एक मोजा टाकला, ती जावी म्हणून. ती गेली नाही. तिने ताक आणून दिलं आणि शेजारी बसली, काही विचारलं नाही. बरी बाई आहे.

तू काय बोलली होतीस ते मी इथे लिहिते, म्हणजे ते तुझ्याही डोक्यातून जाणार नाही. हातात केकचा तुकडा धरून तू म्हणालीस, "बाबांच्या शवपेटीमागेसुद्धा तू सगळ्यांच्या पुढे चाललीस. मागे वळून एकदा तरी बघितलंस का, लुब्बर्ट कुठे होता ते?" लोक ऐकत होते. मी ताटली खाली ठेवून निघाले. तो घरी माझ्यानंतर पाऊण तासाने आला, पायी. गाडीत मी त्याच्यासाठी थांबले नव्हते.

हे सगळं आज का आठवतंय ते मला माहीत नाही.

फेम्मी


गुरुवार, १४ जुलै
नदीपलीकडे, बांधावर बसून

चेटकिणी,

तंबू सापडला.

आकडेवाली माणसं यायच्या आधीच मी सकाळी निघाले. बघत बसणं मला जमलं नसतं. नदीच्या काठाने वरच्या अंगाला पुढची फेरी आहे, लहान, फक्त माणसं आणि सायकली नेणारी. तिथला म्हातारा बोटवाला घंटा वाजवायच्या आधीच आला. मी विचारलं, कॅरिअरवर तपकिरी कापडाची गुंडाळी, हळू चालवणारा माणूस? तो म्हणाला, "सोमवारी दुपारी. इतका हळू की मला वाटलं सायकल ढकलतोय. नदीच्या मधोमध गेल्यावर म्हणाला, जरा थांबवता का. थांबवली. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पाणी बघत बसला. मग म्हणाला, चला."

मी सोमवारी दुपारी खालच्या धक्क्यावर उभी होते.

पलीकडे उतरले. बांधावर चढले. खाली चेरीची बाग आहे, झाडांवर पाखरांसाठी जाळी टाकलेली, आणि झाडांमधून तो दिसला. बाबांचं कापड लांबून ओळखू येतं. बाबा शिडं शिवायचे, शिडांचंच कापड ते, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवलेलं, ओल्या विटेच्या रंगाचं. तसे तंबू अख्ख्या देशात दोनच. उभा होता, स्टीन. चांगला ताठ, छप्पर ताणलेलं, दार बांधून वर केलेलं.

मी सायकल खाली टाकली. आधी इतकंच डोक्यात आलं, जिवंत आहे. बांधावरून खाली पळाले, या वयात, या गुडघ्यांनी. दाराशी पोचले आणि मग सुचलं, दांडे तर माझ्याकडे आहेत.

आत बघितलं. मधल्या दांड्यावर निळा पट्टा.

मी हात लावून बघितला. निळाच. बाजूच्यांवर निळा. आडव्यावर निळा, आणि टोकाला तुझा दात लागलेली खूण, पहिल्याच उन्हाळ्यात तू त्यावर आपटली होतीस ती. बाबांनी तुझे निळे केले आणि माझे लाल, आपण भांडू नये म्हणून. आपण रंगावरून भांडलो.

म्हणून फोनवर गप्प बसलीस. "इथे नाही तो." खरंच नव्हता तिथे. इथे होता, तुझ्या दांड्यांखाली. "त्याला काही झालेलं नसणार." तुला कसं नाही माहीत असणार. पोलिसाने नदीत आकडे टाकायची गोष्ट केली तेव्हा मी खुर्चीवर बसले होते, आणि तू दूसबर्गमध्ये तुझ्या घरी कुंड्यांना पाणी घालत होतीस. की इथेच होतीस? तुझी सायकल दिसत नाही. झाडामागे लावली असशील. यान जाऊन चार वर्षं झाली, तंबू माळ्यावर पडलेला, आणि लुब्बर्ट काही बोलत नाही. न बोलणारा माणूस बोलणाऱ्या बाईला बरा. सगळं जुळतं. सगळ्यांना दिसलं असेल. मीच पुढे होते, मला मागचं काय दिसणार.

मी खुंट्या उपटल्या. एका बाजूच्या सगळ्या. अर्धा तंबू खाली बसलाय. इथे बांधावर बसून हे लिहितेय आणि तुमची वाट बघतेय. कोण आधी येतं बघू. कागद गुडघ्यावर ठेवून लिहितेय म्हणून अक्षर असं आहे, कोंबडीचं नाव घेऊ नकोस.

बांधाखाली टपालपेटी आहे. हे टाकून येते, म्हणजे मला फाडता येणार नाही.

फेम्मी


शुक्रवार, १५ जुलै
बागवाल्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

स्टीन,

कालचं पत्र तुला मिळालं असेल. त्यातलं पहिलं नाव खोडून टाक. बाकीचं असू दे, अर्धं तरी तुझ्या अंगाला लागतं.

लुब्बर्ट आला. तू नव्हतीस. तो बागेच्या खालच्या टोकाकडून आला, टोपीत चेरी घेऊन. अर्धा कोसळलेला तंबू बघितला, मग बांधावर मला बघितलं. पळाला नाही. टोपी गवतावर नीट ठेवली, एकही चेरी सांडू न देता.

मी खाली गेले. म्हटलं, ती कुठे आहे.

"कोण?"

"स्टीन."

"स्टीन तिच्या घरी असणार. गुरुवार आहे, खिडक्या धुवत असेल."

मी म्हटलं, मग दुसरी कोण आहे. तो म्हणाला, कोणी नाही. मी तंबूत वाकून बघितलं, जो भाग उभा होता त्यात. एक गादी. एक पेला. एक चमचा. त्याचे बूट शेजारी शेजारी लावलेले, घरी कधी लावत नाही तसे.

त्याने मला सगळं सांगितलं. बागवाल्याच्या गाईसमोर उभं राहून, न अडखळता. तो इतकं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मार्चमध्ये भावाकडे जातो म्हणून गेला होता तेव्हा तुझ्याकडे आला होता. तुझे दांडे मागितले. तू विचारलंस कशाला, तो म्हणाला, या उन्हाळ्यात थोडे दिवस एकट्याने राहायचं आहे. तू म्हणालीस, आधी फेम्मीला सांग. तो म्हणाला, सांगेन. मग तू माळ्यावर चढलीस, दांडे आणि खुंट्या काढल्यास आणि ब्रशने त्यांची कोळिष्टकं झाडून दिलीस. त्याने मला सांगितलं नाही. म्हणाला, "रोज सांगणार होतो, फेम्मी, पण मी पोचेपर्यंत तू आधीच बोलायला लागलेली असायचीस."

हासेल्टपासून ते दांडे कापडाच्या गुंडाळीत होते, स्टीन. म्हणून घडी पोट आलेली होती. संध्याकाळी कापड तोच उलगडतो, मी स्टोव्हशी असते, दांडे गवतात सरकवायला कितीसा वेळ लागतो. आणि मी तीन दिवस त्या घडीवरून त्याला बोलत होते. माझ्या नाकासमोर होतं आणि मी फक्त घडी वाईट आहे एवढंच बघितलं.

मी विचारलं, मी काय केलं. मारलं का, उपाशी ठेवलं का, दुसऱ्याकडे गेले का. तो म्हणाला, नाही. मग तो जे म्हणाला ते तुला लिहिते, कारण मला ते एकटीला ठेवता येत नाही.

"तू पुढे जातेस आणि थांबतेस, फेम्मी. मी रोज उशिराच पोचतो. मला एकदा अशा ठिकाणी पोचायचं होतं जिथे कोणी वाट बघत उभं नसेल."

मला वाटायचं, थांबणं हे मी त्याच्यासाठी करते. उन्हात, वाऱ्यात, प्रत्येक धक्क्यावर, इतकी वर्षं. मला वाटायचं, यात माझं काही चांगलं असेल तर तेच.

बाई असती तर मला कळलं असतं. तुला मी झिंज्या धरून बांधावरून ओढलं असतं आणि तो विषय तिथे संपला असता. कोणी नाही, यावर काय करतात? तंबूत मी नाही, एवढ्यासाठीच तो तंबूत होता. अजून माझ्या डोक्यात ते शिरत नाही. सकाळपासून कॉफी ढवळतेय आणि साखर घातली की नाही आठवत नाही.

त्याने खुंट्या परत ठोकायला घेतल्या. मी बघत होते. एक खुंटी उलट्या बाजूला झुकवून ठोकत होता, पहिल्या वाऱ्याला निघेल अशी. तोंड उघडलं होतं, मिटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, खुंटी काढली आणि नीट ठोकली. मी न बोलतासुद्धा.

पोलिसांना फोन केला, आकडे थांबवले. तो जाड मुलगा म्हणाला, "पाऊस पडला वाटतं?" मी फोन ठेवला.

जाताना मी विचारलं, घरी येणार आहेस का. तो म्हणाला, सुट्टी संपली की येईन बहुतेक. बहुतेक, असं म्हणाला. मग म्हणाला, "तू पुढे जा." रागाने नाही. रोज म्हणतो तसंच म्हणाला, आणि म्हणून जास्त लागलं. टोपीतल्या अर्ध्या चेरी माझ्या पिशवीत घातल्या. तो बहुतेक मला खरंच सांगत होता की काही बदललेलं नाही आणि सगळं बदललंय. मला ते नीट सांगता येत नाही, तू शाळेत जास्त वर्षं होतीस.

बागवाल्याच्या बायकोने रात्री आतल्या खोलीत झोपायला दिलं. खिडकीतून तंबू दिसतो. सकाळी तो दाराशी बसून पाव खात होता, इतका सावकाश की एका तुकड्याला मी तीन खाल्ले असते. मी पडदा ओढून घेतला. त्याला कोणी बघत असल्याचं कळू नये म्हणून.

आता तुझं. तू त्याला दांडे दिलेस, मला विचारलं नाहीस, फोनवर गप्प बसलीस. ते मी विसरणार नाही आणि आल्यावर बोलणारही आहे. पेटीमागे चालण्याबद्दल तू जे म्हणालीस त्यावर मात्र मी आता काही बोलणार नाही. तू केक खात होतीस ते वाईट दिसत होतं, एवढंच.

ऐक. माझ्याकडे लाल दांडे आहेत, कापड नाही. तुझ्या माळ्यावर कापड आहे, दांडे नाहीत. बाबांनी दोन्ही एकाच मापाने कापले होते, एका सुताचासुद्धा फरक नाही, मी तेव्हा कात्री धरली होती. मला अजून एक आठवडा सुट्टी आहे आणि हासेल्टच्या रिकाम्या घरात मी ती काढणार नाही. ते कापड मला दे. उधार म्हणू नकोस, दे.

रविवारी येते. माळ्यावरून कापड काढून अंगणात दोरीवर टाक, इतकी वर्षं गुंडाळलेलं आहे, कुबट वास मारत असेल. उंदरांनी कुरतडलं असेल तर सुई आणि जाड दोरा काढून ठेव, आपण दोघी बसून शिवू. बाबांचा टाका तुला येतो, मला कधी आला नाही.

इथून दूसबर्ग एका दिवसाची वाट आहे. मी दोन दिवस घेणार आहे. जेवायला माझ्यासाठी थांबू नकोस, आणि रस्त्यावर येऊन उभी राहू नकोस.

फेम्मी